आयटीआय मुलांच्या उपयोगाची की कारखानदारांच्या?

प्रश्न : माझ्या मुलाला दहावीला 64 टक्के मिळाले असून त्याला तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला जायचे आहे. शेजारी म्हणतात, तिथली मुले वर्षभर शिकाऊ म्हणून राबतात आणि मग कंत्राटी कामगार होतात. एमआयडीसीत छोटे वर्कशॉप चालवणारे माझे मेहुणे म्हणतात, आयटीआयची मुले मशीनला हात लावायला घाबरतात. आम्ही काय करावे?
– एक पालक, पुणे जिल्हा

उत्तर : आपले शेजारी आणि मेहुणे या दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, तरीही मुलाला जरूर पाठवावे, असेच माझे मत आहे.

फिटरच्या मुलाचे पहिले काही महिने बेंच व्हाइससमोर, म्हणजे लोखंड घट्ट पकडून ठेवणाऱ्या शेगड्यासमोर, जातात. लोखंडाचा तुकडा कानशीने घासायचा, त्याला गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, पात्याखालून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचे. हाताला फोड येतात. पण मापाची जी नजर तयार होते, ती पुढे कोणत्याही मशीनवर उपयोगी पडते, आणि ती घाईने शिकवता येत नाही. अडचण त्यानंतर सुरू होते. तुकडीत वीस मुले असतात आणि लेथ, म्हणजे धातू फिरवत कापून आकार देणारी मशीन, मोजकेच असतात. त्यातले एखादे दुरुस्तीअभावी बंद असले किंवा शिल्पनिदेशकाचे (ट्रेड शिकवणाऱ्या शिक्षकाचे) पद रिकामे असले, की मुलाच्या वाट्याला मशीनचे तास फार थोडे येतात. मेहुण्यांना जी भीती दिसते, ती या न मिळालेल्या तासांची आहे. मुलाच्या कुवतीशी तिचा संबंध नाही.

शेजाऱ्यांच्या तक्रारीचे मूळ शिकाऊ उमेदवारीच्या, म्हणजे आयटीआयनंतर कारखान्यात ठरावीक मुदत काम करत शिकण्याच्या, व्यवस्थेत आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांनुसार तीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. मात्र मुदत संपल्यावर त्यांना नोकरीत ठेवण्याचे बंधन कायदा घालत नाही. त्यामुळे ज्या कारखान्याला शिकवण्यापेक्षा स्वस्त मनुष्यबळाचीच गरज आहे, त्याला दरवर्षी नवी तुकडी घेऊन जुनी सोडून देता येते, आणि मला हे अतिशय अन्यायकारक वाटते. म्हणूनच उमेदवारीची जागा निवडताना विद्यावेतनाच्या आकड्यापेक्षा तिथे कोणत्या विभागात आणि कोणाच्या हाताखाली काम मिळेल, याची चौकशी अधिक महत्त्वाची आहे.

मेहुण्यांनाही एक आग्रहाची विनंती कळवावी. चार ते एकोणतीस कामगारांच्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती नाही, पण मुभा आहे. कागदपत्रांच्या धास्तीने बहुतेक छोटे वर्कशॉपवाले तिकडे फिरकत नाहीत. वास्तविक छोट्या वर्कशॉपमध्ये मुलगा ड्रॉइंग वाचण्यापासून तयार झालेला जॉब (सुटा भाग) तपासण्यापर्यंत सगळे पाहतो. मोठ्या कारखान्यात तो वर्षभर एकाच स्टेशनवर उभा राहू शकतो. शिवाय आयटीआयमध्ये संस्था व्यवस्थापन समिती असते व तिच्यावर उद्योजकांना स्थान असते. परिसरातील दहा-बारा कामगारांच्या वर्कशॉपमधून त्या समितीवर कोणीच गेले नाही, तर त्यांना हवे असलेले काम मुलांना शिकवले जावे, असा आग्रह तिथे धरणार कोण?

प्रवेशाचा विकल्प भरण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष संस्थेत जाऊन यावे. कार्यालयात लावलेल्या प्लेसमेंटच्या आकड्यांवर मी फारसा विसंबणार नाही, कारण मुलगा रुजू झाला एवढेच त्यातून कळते, टिकला की नाही हे कळत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आठवड्यातून किती वेळ लेथवर मिळतो, हे विचारावे आणि दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली एक-दोन मुले आज कुठे आहेत, हे शोधून काढावे.

आणखी एक गोष्ट पालकांना सहसा कोणी सांगत नाही. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय पूर्ण केलेल्या मुलाला महाराष्ट्रात पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो. तिथे ही मुले बहुधा गणितात अडतात, तेव्हा दहावीची गणिताची पुस्तके रद्दीत घालू नयेत आणि ही दोन वर्षे मुलाचा तो सराव घरी चालू ठेवावा.