विमानाचा पंख आणि फ्यूजलाज (विमानाचं धड) यांमधली फट सिलिकॉनने बुजवली तर चालेल का?

तुमच्या घरी बांधलेल्या फायबरच्या दोन-सीटर विमानात पंख फ्यूजलाजला मिळतो तिथे सहा मिलिमीटरची फट राहिली आहे, आणि ती सिलिकॉनने भरून वरून रंग मारावा का, असं तुम्ही विचारलंय.

सिलिकॉनची नळी शेडमध्येच आणू नका. त्यावर रंग धरत नाही, हे तर आहेच. पण त्याचा अंश हात, फडका, पॉलिश पेपर यांवरून सगळीकडे पसरतो, मग त्या जागी इपॉक्सीही (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) नीट धरत नाही आणि रंगात बारीक गोल खड्डे पडतात. शिवाय पंख कधी ना कधी उतरवावा लागणारच.

फट मात्र बुजवायलाच हवी. पंखाखाली दाब जास्त, वर कमी. हवा फटीतून वर उसळते आणि वरचा प्रवाह विस्कटवते. पंख खालच्या बाजूला आणि फ्यूजलाज गोल असेल तर तिथला कोन आणखी अरुंद होतो, मागच्या कडेकडे हवा पृष्ठभाग सोडते. म्हणून फेअरिंगची, म्हणजे फट झाकणाऱ्या गोलसर तुकड्याची, गोलाई पुढे लहान आणि मागे वाढत गेलेली हवी. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाचा फोटो बघा, लगेच कळेल.

भोसरीला मित्राच्या शेडमध्ये आम्ही ती अशी केली. दोन्ही बाजूंना खाकी पॅकिंग टेप, एकही सुरकुती न ठेवता. इपॉक्सीत मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी पूड) घालून चक्क्याइतकं घट्ट केलं. उभ्या भिंतीवर ओघळलं तर अजून घाला. पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने गोलाई ओढली, वर ग्लास क्लॉथचे दोन थर, शेवटी पील प्लाय (वाळल्यावर सोलून काढायचं कापड). वाळल्यावर अख्खा तुकडा टेपवरून सुटतो. कडा कापून स्क्रूने बसवायचा. पंखाकडच्या कडेला एक-दोन मिलिमीटर जागा आणि रबरी पट्टी ठेवा, कारण उडताना पंख लवतो.

आमची फजिती जुलैत झाली. इपॉक्सीचा दुसरा थर दिला आणि आठवड्याने तो पापडासारखा निघून हातात आला. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो, आणि आम्ही तो न धुता नुसता घासला होता. घासल्याने तो पसरतो, जात नाही. आधी कोमट पाणी आणि स्कॉचब्राइट, कोरडं करून मग पॉलिश पेपर. एप्रिल-मेमध्ये उलटी गत: डबा भरून कालवलं की हातातच तापून दगड होतं. थोडं थोडं कालवा.

एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) फट वेगळी. हडपसरला ग्लायडिंग शिकलेल्या मित्राने तिथे मायलारची (पातळ प्लॅस्टिक) पट्टी सुचवली. ती एकाच बाजूला चिकटवायची, दुसरी कड मोकळी. मग स्टिक (विमान चालवायचा दांडा) दोन्ही टोकांना नेऊन पट्टी अडकत नाही ना ते स्वतः हात लावून बघायचं. एलेरॉन किंवा एलेव्हेटरवर (शेपटीचा हलणारा भाग) लांबीचे (पुट्टी) आणि रंगाचे थर चढले तर त्यांचा तोल पुन्हा मोजा. मागची कड जड झाली की फ्लटरची, म्हणजे तो भाग उडताना जोरात फडफडण्याची, भीती असते.

फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधली भिंत) भोकांना आग सोसणारा सीलंटच वापरा, नाहीतर इंजिनचा धूर केबिनमध्ये येईल. आणि उत्साहाच्या भरात पंखाच्या पोटाची पाणी निघायची भोकं बुजवू नका. आम्ही एक बुजवलं होतं.