घोड्यावरचा एक तास आणि उरलेले तेवीस

ताई, नमस्कार.

सतरा वर्षांची मुलगी, तीन वर्षं घोडेस्वारी शिकतेय आणि आता म्हणते, 'कॉलेज नको, स्वतःचा हॉर्स फार्म काढायचा.' जमीन घरचीच असल्यामुळे तिच्या बाबांचं मनही डळमळायला लागलंय. निदान एक घोडा घेऊन द्यावा का, आणि हे करिअर आहे की वयाचं वेड, असं तुम्ही विचारलंय.

वेड आहेच. ते नसेल तर या धंद्यात दुसरा हिवाळासुद्धा निघत नाही. पण घोडं पेंड खातं ते वेगळ्याच जागी. तिला आजवर घोडा भेटला तो खरारा करून, खोगीर कसून तयार ठेवलेला, दिवसातून एक तास. मालकाच्या वाट्याला उरलेले तेवीस तास येतात.

500 किलोच्या घोड्याला रोज साधारण 8 ते 10 किलो कोरडी वैरण आणि 25 ते 45 लिटर पाणी लागतं. लीद-मूत धरून 20 किलोंच्या वर घाण निघते. दहा घोडे असतील तर रोज दोन क्विंटल उपसायची, सणावारीसुद्धा. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येतो. जंताचं औषध, धनुर्वाताची लस, वर्षाकाठी वाढलेले दात कानशीने घासून घेणं, हे चालूच. 'घोडा का अडला?' या जुन्या कोड्याचं 'न फिरवल्यामुळे' हे उत्तर आपल्याला पाठ असतं. तबेल्यात ते रोजचं काम असतं. स्वार आला नाही तरी प्रत्येक जनावर बाहेर काढावंच लागतं.

सगळ्यात मोठी धास्ती पोटशूळाची. घोड्याला उलटी करता येत नाही. जठर अंगाच्या मानाने लहान आणि आतडं लांबलचक, कारण त्याची घडणच दिवसभर थोडंथोडं चरत राहण्याची. आपण त्याला ठाणावर बांधून दोन वेळा भरपूर चंदी, म्हणजे दाणा, घालतो. त्यात वैरणीला बुरशी असली किंवा पाणी कमी पडलं, की दुखणं ओढवतं. घोडा वळूनवळून स्वतःच्या कुशीकडे बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो, लीद टाकत नाही. हे रात्री दोनला ओळखून डॉक्टरांना उठवायचं, आणि तरी तो वाचेलच असं नाही. अशा रात्री मुलगी काय करेल, हे तिलाही आज सांगता यायचं नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. घोडा कमावो न कमावो, खातो. दुसऱ्यांचे घोडे सांभाळणं आणि स्वारी शिकवणं यांतून महिन्याचे पैसे येतात. पैदाशीच्या मोहात मात्र सुरुवातीला पडू नये. घोडी 11 महिने गाभण राहते, बहुधा एकच शिंगरू होतं आणि ते स्वारीच्या कामाला यायला आणखी तीन-चार वर्षं जातात. शिवाय घोडा 25-30 वर्षं जगतो. थकल्यावर त्याला पोसणार का, हे विकत घेतानाच ठरवावं लागतं.

मग लोक यात पडतात कशासाठी? माझी एक माजी विद्यार्थिनी असा फार्म चालवते. परवा फोनवर म्हणाली, 'या महिन्यात दोनदाच स्वार झाले, बाकी कुंपणाच्या तारा ओढतेय.' तक्रारीचा सूर नव्हता. तिच्या घोडीने आदल्या रात्री शिंगरू दिलं होतं. तासाभरात ते लटपटत उभं राहिलं, थोड्या वेळाने आचळ शोधून प्यायला लागलं, हे ती मला वीस मिनिटं सांगत होती. अंगाला हात लावू न देणारं जनावर सहा महिन्यांनी आपल्या पावलांच्या आवाजावर कान टवकारतं, त्याचं सुख हिशेबाच्या वहीत मावत नाही, असंही म्हणाली. वही मात्र ती चोख ठेवते.

म्हणून माझं मत असं. एकटा घोडा घेऊन देऊ नका. तो कळपातला प्राणी, एकटा झुरतो, म्हणजे एकाचे दोन होतातच. बाबांना म्हणावं, तबेला बांधू नका. आधी एका पावसाळ्यात जमिनीवर पाणी कुठे तुंबतं ते बघा, कारण सततच्या चिखलात खूर कुजतात. मुलीने वर्षभर दुसऱ्याच्या तबेल्यात मोतद्दाराचं, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्याचं, काम करावं, भर पावसाचे आणि कडाक्याच्या थंडीचे दिवस धरून. कॉलेज सोडू नये. पशुवैद्यक झेपत असेल तर उत्तम, नाहीतर मी वाणिज्य शाखा सुचवेन. तुम्हाला नवल वाटेल, पण घोडा कळत नव्हता म्हणून बुडालेले मला कमी भेटलेत, खर्च कळत नव्हता म्हणून बुडालेले जास्त.

वर्षाने तिलाच मला पत्र लिहू दे. त्यात स्वारीबद्दल नसलं तरी चालेल, पहाटे लीद काढण्याबद्दल दोन ओळी हव्यात.