जिताडा, चोणक आणि ‘गरवणे’

अलिबागचा जिताडा आणि मालवण-गोव्याकडचा चोणक हे दोन मासे की एकच, आणि गळाने मासा धरण्याला मराठीत खास क्रियापद आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे.

मासा एकच. काही ठिकाणी त्याला खजुराही म्हणतात. बंगालची भेटकी नि ऑस्ट्रेलियाची बारामुंडी म्हणजेही हाच. बारामुंडी हा शब्द क्वीन्सलंडच्या रॉकहॅम्प्टन भागातल्या आदिवासी भाषेतून आलेला. आपल्याकडे हॉटेलांच्या मेनूवर तो दिसतो तेव्हा जिताडा लिहायला काय हरकत आहे, असे मला नेहमी वाटते.

क्रियापद आहे, आणि सुरेख आहे: गरवणे. गरी म्हणजे गळ. ‘खाडीवर गरवायला गेलो’, ‘जिताडा गरवला’ असे कोकणात सहज बोलतात. पाग म्हणजे हाताने फेकायचे जाळे; ते फेकून धरला तर तो ‘पागला’. दोन्हीची सरमिसळ करू नये.

गरवणाऱ्यांना जिताड्याचे वेड का, हे त्याच्या सवयींत आहे. हा पाठलाग करणारा मासा नव्हे, दबा धरणारा. तिवरांची मुळे, बुडालेली लाकडे, पुलाचे खांब, खारबंदिस्तीच्या उघाड्या (खाडीकाठच्या बांधांतली पाणी सोडायची दारे) अशा आडोशाला तो थांबतो. ओहोटी लागली की लहान ओहळांतून कोळंबी आणि बोयट नावाचे मासे खाडीत उतरतात आणि तोंडाशीच हा उभा असतो. एकदम जबडा उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. त्याचा ‘भप्प’ असा आवाज काठावर ऐकू येतो. गरी लागताच तो पाण्याबाहेर उसळी मारून डोके झटकतो आणि परत मुळांकडे धावतो. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात, म्हणून गरीजवळचा दोर जाडच हवा.

गोड्या पाण्यातही तो छान वाढतो; रायगडात घराजवळच्या तळ्यांत पिल्ले सोडून वाढवण्याची जुनी रीत आहे. अंडी घालायला मात्र खाडीच्या मुखाशी खारे पाणीच लागते. आणखी एक नवल म्हणजे तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. त्यामुळे फार मोठा जिताडा बहुधा मादीच असते. अशी गरवली, तर परत सोडावी असे मला मनापासून वाटते.

‘जिताडा मारला’ असेही लोक म्हणतात. ते चूक नाही, पण मारण्यात जाळे, पाग, गरी सगळेच आले. गळाचेच सांगायचे असेल, तर गरवला म्हणा.