आजोबांच्या जुन्या एमजी टीडीची बाजारातली खरी किंमत कशी ठरवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे : नेरुळच्या एका सोसायटीत आजोबांची 1952 सालची एमजी टीडी, म्हणजे जुनी ब्रिटिश दोन आसनी स्पोर्ट्स गाडी, आच्छादनाखाली उभी आहे आणि ती विकायची आहे. दलाल 8 लाख म्हणतो, परदेशी लिलावांतले आकडे रुपयांत केले की जवळजवळ दुप्पट होतात, आणि घरातले काका म्हणतात की आधी रंगकाम करून घेतल्यास 35 लाख कुठे गेले नाहीत. यांपैकी कोणता आकडा धरावा?

एकही धरू नये. खरे तर एवढेच लिहून थांबणार होतो, पण ‘आधी रंगकाम करून घेतल्यास’ हे शब्द वाचले आणि राहवले नाही, कारण याच शब्दांपायी माझ्या सासऱ्यांच्या गाडीचे मातेरे झालेले मी ठाण्यात राहून उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. मी मोटार विम्याचा परवानाधारक सर्व्हेयर होतो; 31 वर्षे अपघातग्रस्त गाड्यांचे मोल ठरवण्याचेच काम केले. परक्या माणसांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून लाखांचे दावे मिटवले आणि घरच्या माणसाने तोच आकडा हसण्यावारी नेला, ही सल अजून गेलेली नाही.

सासऱ्यांकडे 1948 सालची एमजी टीसी, म्हणजे तुमच्या टीडीच्या आधीचे मॉडेल, होती. मुंबईतल्या एका गिरणीतला इंग्रज अधिकारी 1963 साली विलायतेला परत जाताना ती त्यांनी घेतली, आणि नौपाड्यातल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती शेवटची वीस-एक वर्षे बंदच होती. 2010 मध्ये सासरे गेले, घर पुनर्विकासाला द्यायचे ठरले आणि शेड रिकामी करणे भाग पडले. तेव्हा मेव्हण्यांनी मला बोलावून सांगितले, “भावोजी, तुमचा रोजचाच धंदा आहे, एकदा बघून आकडा सांगा.”

मी दोन रविवार त्या शेडमध्ये काढले. पहिला अर्धा दिवस तर चासी नंबर शोधण्यात गेला. गाडीच्या पुढच्या टोकाशी आडवा होऊन, रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने साठ वर्षांचे ग्रीस आणि त्यावर चढलेला काळा रंग घासत बसलो होतो. आधी ‘टीसी’ ही दोन अक्षरे उमटली आणि मग एकेक करून चार आकडे. ते आरसी बुकातल्या आकड्यांशी ताडून पाहिले, तर कोणा कारकुनाने 3 चा 8 केलेला. या मालिकेतल्या गाड्यांचे नंबर 1 पासून नव्हे तर 0251 पासून सुरू होतात, कारण इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक 251 होता, हे मी मोठ्या कौतुकाने मेव्हण्यांना सांगितले, त्यावर ते म्हणाले, “म्हणजे आपल्याला तिथे फोन करायचा आहे का?” माझे आणि त्यांचे जमणार नाही, हे मला त्याच क्षणी कळायला हवे होते.

इंजिनावर पितळेची अष्टकोनी पट्टी होती आणि तीवर ‘एक्सपीएजी’ या अक्षरांपुढे नंबर होता. तो आरसी बुकाशी तंतोतंत जुळला. म्हणजे 1250 सीसीचे मूळ इंजिन त्याच गाडीत होते, फक्त जाम झालेले. पत्र्यावरून लोहचुंबक फिरवला, तर एका मडगार्डाचा हातभर भाग सोडून कुठेही लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली नव्हती. या गाड्यांच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असतो. तो मी टोच्याने जागोजागी टोचून पाहिला. डावे दार उघडल्यावर बोटभर खाली बसत होते आणि त्याच्या बिजागरीमागचे लाकूड भुसा झाले होते, बाकीचा सांगाडा मात्र शाबूत होता. खाडीकाठच्या दमट हवेत एवढे टिकले हेच नवल.

मी 18 लाखांचा आकडा दिला. तो हवेतून काढलेला नव्हता. प्रत्यक्षात पैसे हातात पडलेले टीसीचे दोन व्यवहार मला माहीत होते. त्यांच्याशी या गाडीची तुलना केली, लाकूड, टप, 19 इंची टायर आणि इंजिन यांचा खर्च वजा केला, आणि ‘कोणी हात न लावलेली, नंबर जुळणारी, सगळे भाग जागेवर असलेली’ म्हणून काही रक्कम पुन्हा वाढवली. गिऱ्हाईक याच शेवटच्या रकमेसाठी येते. मी मेव्हण्यांना बजावून सांगितले की धूळसुद्धा पुसू नका, तशीच विका. त्यांचे उत्तर आमच्या घरात अजून उद्धृत केले जाते : “धुळीला कोणी पैसे देत नाही, भावोजी.”

गाडी एका गॅरेजला गेली. त्या गॅरेजचे नाव घेत नाही, कारण मिस्त्री वाईट नव्हता, अनभिज्ञ होता. एक्सपीएजी इंजिनाची एक खोड अशी की बोल्टच्या डोक्याला व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचा, सुताचा पाना लागतो, पण बोल्टचे आटे मात्र मेट्रिक असतात. मिस्त्रीने पाना बसला म्हणून आटेही सुताचेच समजून नवे बोल्ट आणले आणि जोर लावून पिळले. ब्लॉकचे आटे गेले. आटे दुरुस्त करता येतात. पण ‘ब्लॉक गेला’ असा निकाल देऊन इंजिन भंगारात घातले गेले आणि त्याच्या जागी ॲम्बॅसडरचे 1489 सीसीचे इंजिन बसवले गेले, त्यासाठी चासीवरचे मूळ आधार कापून. वर टकटकीत लाल रंग आणि आरशासारखे क्रोम. खर्च 6 लाख.

पुण्याहून एक संग्राहक आला. त्याने त्या लाल रंगाकडे पाहिलेही नाही, बॉनेटची एक बाजू उचलली, आत पाहिले, ती हलकेच खाली ठेवली आणि “मूळ इंजिन घरात कुठे ठेवले आहे का?” एवढेच विचारले. शेवटी गाडी 9 लाखांना गेली. खर्च वजा जाता हातात 3 लाख.

आता तुमची टीडी. टीसी साधारण 10 हजार बनल्या, टीडी 1950 ते 1953 या काळात जवळजवळ 30 हजार, आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. म्हणजे तुमची गाडी जगात दुर्मीळ नाही, भारतात आहे. आणि हे दोन बाजार एकमेकांना जोडलेले नाहीत, कारण तिथली जुनी गाडी उचलून इथे आणणे कायद्याने आणि करांमुळे सोपे नाही. म्हणून डॉलरला रुपयाने गुणण्यात अर्थ नाही. 36 च बनलेल्या फेरारी 250 जीटीओपैकी एक 2018 च्या लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरना गेली, हे उदाहरण मेव्हणे दुर्मीळपणाचा पुरावा म्हणून लग्नाकार्यात देतात. त्या गाडीला तिने मारलेल्या शर्यतींचा इतिहास आहे आणि तो कागदोपत्री सिद्ध आहे, हे ते सोडून देतात.

तुम्ही प्रथम चासीवरचा नंबर स्वतः घासून वाचा. इंजिनाच्या पट्टीवर ‘एक्सपीएजी/टीडी’ किंवा ‘टीडी2’ आहे का ते पाहा. ‘एससी’ असेल तर ते टीडीचे नव्हे, एमजीच्याच वाय मालिकेतल्या सलूनचे, म्हणजे बंद छताच्या गाडीचे इंजिन आहे. दारे मागच्या बाजूला बिजागऱ्यांवर टांगलेली असतात, ती उघडून किती खाली बसतात हे पाहिले की लाकडाची प्रकृती कळते. मूळ नंबरप्लेट, कराच्या पावत्या, आजोबांचे गाडीजवळचे जुने छायाचित्र, तुटलेला का होईना पण मूळ भाग, यांपैकी काहीही टाकू नका. वारसांच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना 31 चा अर्ज आधी मार्गी लावा. आरसी आजोबांच्याच नावावर असलेली गाडी दलाल निम्म्याने मागतो आणि त्याचे फारसे चुकत नाही. विम्याच्या पॉलिसीवरचा आकडा मात्र किंमत म्हणून कोणाला दाखवू नका, इतक्या जुन्या गाडीचा तो आकडा मालक आणि कंपनी यांनी आपसांत ठरवलेला असतो. आयुष्यभर हेच काम केले म्हणून सांगतो.

2021 पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आली आहे. पहिल्या नोंदणीचे शुल्क 20 हजार, मुदत दहा वर्षे. पण चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेली गाडी तीत बसत नाही. मेव्हण्यांना मी त्या अधिसूचनेची छापील प्रत नेऊन दिली होती. त्यांनी ती वाचली नाही.

तुमच्या गाडीचा आकडा मी न पाहता सांगणार नाही. नंबर जुळत असतील आणि गाडी पूर्ण असेल तर 8 लाख हा आकडा मला अपमानास्पद वाटतो. इंजिन बदललेले असेल तर तोच आकडा उदार आहे. 35 लाख कोणत्याही स्थितीत विसरा. रंग पूर्ण सोललेला असेल, पत्रा कुजून भोके पडली असतील, तर अर्थात हात न लावण्याचा माझा हट्ट तुम्हाला लागू नाही. गंज थांबवणे वेगळे आणि चकाकी आणणे वेगळे. आणि न्यायाने हेही लिहिले पाहिजे की माझ्या 18 लाखांची परीक्षा कधी झालीच नाही. त्या आकड्याला प्रत्यक्ष गिऱ्हाईक उभे राहिले नव्हते, हा मेव्हण्यांचा मुद्दा मला आजवर खोडता आलेला नाही.

एक गोष्ट राहिली. इंजिन भंगारात जाण्याआधी मिस्त्रीने ती पितळी पट्टी काढून ठेवली होती, ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. गेल्या वर्षी एकाने ती 15 हजारांना मागितली. त्याच्याकडे पट्टी नसलेले इंजिन होते. मी दिली नाही, पण दुसऱ्या कोणी दिली असती. तेव्हा तुमच्या इंजिनावरची पट्टी वाचताना तिचे रिव्हेट जुने, काळे पडलेले आहेत की नवे चमकणारे, तेही बॅटरी लावून पाहा; तुमचा खरेदीदार ते पाहणारच आहे.