नोटिशीला उत्तर सासूबाईंच्या सहीनं द्या

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. दोन बेडरूमचा फ्लॅट, सासूबाईंच्या नावावर. वर्षभरापासून ताई आणि शेजारच्या दोघी मिळून ज्वारीची बिस्किटं, नानकटाई, केक करतात, ऑर्डर व्हॉट्सॲपवर, खर्च जाऊन उरलेलं तिघींत वाटून घेतात आणि दर शनिवारी मागच्या वस्तीतल्या पोरांना बिस्किटं फुकट देतात. आता सोसायटीच्या सेक्रेटरींनी ताईंच्या नावानं नोटीस दिलीये, आठ दिवसांत बंद करा नाहीतर पाच हजार दंड आणि पाणी तोडू. ताई म्हणतात, आम्ही पोरांना फुकट वाटतो, हा काही धंदा नाही, मग लायसन कशाला?

ताई, आपल्या सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर कितीतरी बायकांनी घरं चालवलीत, तुमचंही काम बंद पडू नये असं मला मनापासून वाटतं. पण म्हणूनच सांगते, "हा धंदा नाही" हे वाक्य उत्तरात चुकूनही लिहू नका. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अन्न व्यवसायाची व्याख्याच अशी आहे की तो नफ्यासाठी असो वा नसो, व्यवसायच. म्हणजे शनिवारची फुकटची बिस्किटंसुद्धा त्यात आली, आणि तुम्ही तर पैसे घेऊनही विकता. लायसनशिवाय धंदा, सेक्रेटरींच्या हातात खरा मुद्दा हाच आहे, तो आधी काढून घ्या.

त्याला लागतं ते फार अवघड नाही. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असली की मोठं लायसन लागत नाही, एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, साधं रजिस्ट्रेशन पुरतं, त्यांच्याच फॉस्कोस या वेबसाइटवर फोटो आणि ओळखपत्र लावून अर्ज करायचा, फी वर्षाला १०० रुपये. एजंट हजारो मागतात, देऊ नका. जागा तुमच्या नावावर नाही म्हणून लाइट बिल आणि सासूबाईंचं संमतीपत्र जोडून ठेवा. आणि हे कडू वाटेल, पण रजिस्ट्रेशनचा १४ आकडी नंबर हातात येईपर्यंत ऑर्डरी थांबवा, शनिवारच्या वाटपासकट. आत्ता एखाद्याला त्रास झाला तर तुमच्या बाजूनं कागदाचा एक तुकडा नाहीये.

नंबर आला की तो पाकिटावर टाका, सोबत घटक, वजन, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, पत्ता. केकमध्ये अंडं असतं का ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर त्या पाकिटावर हिरवा ठिपका चालत नाही, चौकोनातला तपकिरी त्रिकोण लागतो, कायद्यानं अंडं मांसाहारात धरलंय. सोलापुरात जैन आणि लिंगायत घरं किती आहेत बघा, इथं चुकलात तर दंडापेक्षा विश्वास जाईल तो परत येणार नाही.

ज्वारी भाजायला घरचाच लाल सिलिंडर वापरता असं लिहिलंय, ते आजच बंद करा. घरगुती गॅस धंद्याला वापरणं बेकायदेशीर आहे आणि शेजाऱ्यांची खरी भीतीही तीच असणार. १९ किलोचा निळा सिलिंडर फ्लॅटमध्ये आणलात तर तक्रार वाढेल, त्यापेक्षा भाजणं इलेक्ट्रिकवर न्या. विजेचं म्हणाल तर घराच्या एका भागात काम चालत असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट, वर्षाला ३६०० युनिटच्या आत असेल तर घरगुती दरच लागतो, त्याच्या वर गेलात तर महावितरणला कळवा, लपवू नका. जीएसटी तुमच्या उलाढालीला लागत नाही.

आता नोटीस. सोसायटीची सभासद सासूबाई आहेत, तुम्ही नाही, म्हणून उत्तर त्यांच्या सहीनं जायला हवं, पोच घेऊन. पाणी तोडायचा अधिकार सेक्रेटरींना नाही, थकबाकी नसताना तर बोलायलाच नको. दंडही त्यांनी एकट्यानं ठरवायचा नसतो, आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, आधी कारणे दाखवा नोटीस, म्हणणं ऐकून घेणं आणि मग जनरल बॉडीचा, म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेचा निर्णय. तुमच्या सोसायटीचे मंजूर उपविधी लेखी मागून घ्या. पण त्याच उपविधीत फ्लॅटचा वापर बदलायला कमिटीची परवानगी लागते असंही सापडेल, त्यामुळे भांडण्याच्या आधी परवानगीचा अर्ज द्या, त्यात लिहा की घर राहतं घरच आहे, बोर्ड नाही, गिऱ्हाइकं जिन्यात येत नाहीत, डिलिव्हरी खाली गेटवर. हे लिहाल ते पाळा मात्र. तरीही अडवलंच तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार आणि पुढं सहकार न्यायालय आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मला सगळ्यात जास्त तीच खटकली. तिघींत नफा वाटून घेता आणि कागद काहीच नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार अशी तोंडी भागीदारीही भागीदारीच ठरू शकते, मग एकीनं ओव्हनसाठी घेतलेल्या उधारीला बाकीच्या दोघीही बांधल्या जातात. तुमच्या मैत्रिणींना हे माहीत तरी आहे का? तिघी बसा, कुणी किती पैसे घातले, ओव्हन कुणाचा, एखादी सोडून गेली तर हिशोब कसा, हे स्टॅम्प पेपरवर लिहून काढा. भागीदारी नको असेल तर त्या दोघींना ठरलेली मजुरी द्या आणि तसंच लिहून ठेवा.

नोटिशीवरच्या तारखेपासून दिवस मोजा, सहाव्या दिवसाच्या आत उत्तर पोचू द्या.