चार इंच बर्फाला एवढं काय घाबरायचं?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गुहागरहून जानेवारीत स्वतःच्या गाडीने मनालीला जायचंय. गाडी पेट्रोल हॅचबॅक, ओढ पुढच्या चाकांना. बरोबर बायको, दोन मुलं आणि सत्तरीतले वडील. आणि विचारलंय असं, की आम्ही आषाढात कुंभार्ली उतरतो, धुक्यात आंबा घाट चढतो, मग तिकडे चार इंच बर्फ पडला की रस्ते बंद का करतात? आणि बंद नसतील तेव्हा गाडी चालवायची कशी?

मी दापोली तालुक्यातला. फौजेत ड्रायव्हर होतो, त्यातले पाच हिवाळे काश्मीरच्या रस्त्यांवर गेले. आता घरी असतो, आंब्याच्या दिवसांत पेट्या घेऊन वाशीला जातो. बाकी वेळ रिकामाच, तेव्हा उत्तर लांबणार आहे.

आपला पावसातला हात बर्फावर चालत नाही. खरं तर तो आडवाच येतो, कारण घाटात आपल्याला ब्रेकवर भरवसा ठेवायची सवय लागलेली असते. मृगाचा पहिला पाऊस आठवा. वर्षभराचं सांडलेलं ऑइल, टायरचं झिजलेलं रबर आणि धूळ रस्त्यावर बसलेली असते. पहिल्या सरीने ते भिजतं आणि डांबरावर साबण फासल्यासारखं होतं. दुचाकीवाले पटापट आडवे होतात. पण दोन जोरकस सरी झाल्या की सगळं धुऊन जातं आणि रस्ता परत चाकाला धरतो. बर्फाचं उलट आहे. तो जितका पडतो आणि जितक्या गाड्या त्याच्यावरून जातात, तितका तो दाबला जाऊन घट्ट आणि गुळगुळीत होत जातो. दहावी गाडी जाते तो रस्ता पहिल्या गाडीच्या रस्त्यापेक्षा वाईट असतो.

आकड्यांत सांगतो. ताशी ४० च्या वेगाला कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण ९ मीटरमध्ये उभी राहते. ओल्या रस्त्यावर १२-१३ मीटर धरा. दाबलेल्या बर्फावर ३० मीटर. आणि पाणी गोठून काच झालेली असेल तर ६० मीटरच्या वर. हे सगळं सपाट रस्त्याचं. उतार आला की हिशेबच बदलतो. दहा मीटरला एक मीटर असा उतार असेल आणि खाली काच असेल, तर पकड जेवढी तेवढीच उताराची ओढ, म्हणजे चाकं लॉक असली तरी गाडी थांबणारच नाही, संथपणे जात राहील. वळणाचंही तसंच. जे अरुंद वळण कोरड्यात ४० ने निघतं, तेच काचेवर १५ च्या वर गेलात तर निघत नाही, गाडी सरळ जाते.

आता ही 'काच' म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण लोक पांढऱ्या बर्फाला घाबरतात आणि घात होतो तो काळ्या रस्त्यावर. ताजा, भुसभुशीत बर्फ त्या मानाने गरीब. चाक त्यात रुततं, थोडी पकड मिळते. दुपारी ऊन पडतं, कडेचा बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावरून वाहतं आणि संध्याकाळी पारा उतरला की तिथेच गोठतं. थर इतका पातळ की खालचं डांबर दिसतं. आपल्याला वाटतं, ओलाच आहे. आणि थंडी जितकी जास्त तितकी घसरण जास्त, असंही नाही. उणे २० ला बर्फ बराचसा कोरडा असतो, रबराला थोडा तरी धरतो. शून्याच्या आसपास त्याच्यावर पाण्याचा पापुद्रा असतो, तो सगळ्यात वाईट. मनालीत जानेवारीत पर्यटक फिरतात त्या वेळी पारा नेमका तिथेच घुटमळत असतो.

माझा पहिला हिवाळा. जवाहर बोगद्यातून बाहेर पडून काझीगुंडकडे उतरत होतो. पीर पंजाल डोंगररांगेची ती उत्तरेची बाजू, हिवाळ्यात तिथे ऊन जेमतेम. रस्ता काळा दिसत होता म्हणून बर्फात पकडीसाठी चाकांवर चढवायच्या चेन काढून मागे टाकलेल्या. शेजारी उस्ताद बसलेले. एका सावलीच्या वळणावर मी कुंभार्लीत दाबतो तसा ब्रेक दाबला. आवाज आला नाही. हे मला अजून आठवतं. आपल्याकडे चाक घसरलं की टायर किंचाळतो, निदान खडी तरी करकरते. तिथे काहीच नाही. इंजिन नेहमीसारखं, आणि समोरचा डोंगर हळूहळू बाजूला सरकायला लागला. ट्रक आडवा होत होता. उस्ताद अजिबात न ओरडता म्हणाले, ब्रेक छोड. सोडायला पाय तयार नव्हता. त्यांनी माझ्या गुडघ्यावर जोरात हात मारला तेव्हा सुटला. चाकं परत फिरायला लागली, तसं स्टेअरिंग ऐकायला लागलं आणि मागचं चाक कठड्याला घासून आम्ही उभे राहिलो. उतरून पाहिलं तर रस्त्यावर माझं तोंड दिसत होतं. (तो उतार आता चुकतो. २०२१ मध्ये खालून साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाला.)

तेव्हा चालवण्याचं मुख्य सूत्र एवढंच, की चाक फिरत राहिलं पाहिजे. फिरतं चाक वळतं, अडकलेलं चाक फक्त घसरतं. उतारावर आधीच पहिला-दुसरा गिअर टाकून इंजिनने गाडी धरायची, ब्रेकला नुसता स्पर्श. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, असेल तर पायाखाली धडधड लागेल, घाबरून पाय उचलू नका. पण एबीएस आहे म्हणून गाडी लवकर थांबेल अशीही आशा धरू नका, ते स्टेअरिंग तुमच्या हातात ठेवतं एवढंच. सुरुवात दुसऱ्या गिअरवर, क्लच अलगद. पुढच्या गाडीपासून एसटीच्या चार-पाच लांब्यांचं अंतर. मागचा भाग घसरला तर तो ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला स्टेअरिंग, थोडंसं आणि शांतपणे. चढावर पुढची गाडी पार वर पोचेपर्यंत खालीच थांबायचं आणि मग एका दमात, न थांबता चढायचं. अर्ध्यात थांबलात की संपलं.

इथेच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. चार इंच बर्फाने रस्ता बंद होतो तो बहुतेक वेळा एका गाडीपायी. कुणीतरी चढावर दम सोडतो, चाक जागेवर गरगर फिरतं, खालचा बर्फ तापून वितळतो, परत गोठतो आणि त्या चाकाखाली स्वतःची काच तयार होते. मागचे सगळे चढावर थांबतात, आता त्यांनाही उठता येत नाही. मग आपल्यासारखेच शहाणे उजवीकडून घुसतात. गणपतीच्या आदल्या दिवशी माणगावात जी गाड्यांची कोंडी होते तीच, फक्त इथे थंडी उणे पाचची आणि डोझरला यायला जागा नाही. बर्फ हटवणारं यंत्र गाड्यांच्या मागे अडकलं की पडणारा बर्फ साचत जातो आणि दोन तासांचं काम रात्रीवर जातं. २०२४ च्या डिसेंबरात मनालीच्या वर सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अशाच अडकल्या होत्या. म्हणून बर्फ सुरू झाला की पोलीस मनालीच्या वर फक्त फोर बाय फोर सोडतात. त्यात आकस नसतो. फोर बाय फोरवाल्यांनीही फुशारू नये म्हणा. चार चाकांची ओढ निघायला आणि चढायला कामी येते, थांबताना सगळ्यांना चारच चाकं असतात.

दुसरं कारण डोक्यावर असतं. ताज्या बर्फाचा थर उतारावर बसलेला असतो आणि तो कधी सुटेल सांगता येत नाही. रस्ता साफ दिसतो, ऊन पडलेलं असतं, तरी फाटक बंद. आपल्याकडे पाऊस थांबल्यावरही परशुराम घाटात दरड येते, तशातलाच प्रकार. तिथे वाद घालू नका.

बर्फ हटवायचं काम तिकडच्या बऱ्याच डोंगरी रस्त्यांवर सीमा सडक संघटनेकडे, म्हणजे बीआरओकडे असतं. ही संघटना १९६० ची. डोझर बर्फ ढकलतात, स्नो कटर तो कातून लांब फेकतात. काश्मीरहून लडाखला जाताना लागणारी झोजिला खिंड ३,५२८ मीटरवर, तिथे वसंतात रस्ता उघडतात तेव्हा दोन्ही बाजूंना बसपेक्षा उंच पांढऱ्या भिंती असतात. बर्फाच्या रस्त्यावर मीठ का टाकतात, हेही तुम्ही विचारलंय. हाताने फिरवायच्या पॉटमधलं आईस्क्रीम केलं असेल तर तुम्हाला हे माहीतच आहे. बर्फात खडेमीठ घातलं की बर्फ पाणी होतो आणि ते पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही. रस्त्यावर तेच करतात. पण साधं मीठ उणे आठ-नऊपर्यंतच कामाचं, त्याखाली ते पडून राहतं. मग वाळू किंवा बारीक खडी टाकतात. ती बर्फ वितळवत नाही, फक्त चाकाला दात देते.

पूल दिसला की आधीच वेग उतरवा. पुलाला खालून जमिनीची ऊब नसते, तो दोन्ही बाजूंनी गार होतो आणि बाकी रस्त्याच्या आधी गोठतो.

आता चेन. त्या तुमच्या गाडीला पुढच्या चाकांना लागतील. तिकडे भाड्याने मिळतात, पण मी म्हणेन विकत घ्या आणि निघायच्या आधी घरच्या खळ्यात दोनदा लावून बघा. लावायला सोप्या असतात, उघड्या बोटांनी उणे चारला नसतात. चेन आधी जमिनीवर सपाट पसरून गुंता काढायचा, मग टायरवरून टाकून मागचा आकडा आधी अडकवायचा, तो दिसत नाही, हाताने चाचपूनच लावावा लागतो. रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली टाकायला गोणपाट घ्या. शे-दीडशे मीटर जाऊन उतरा आणि परत ताणा, कारण पहिल्या वेळी ती सैल होतेच. ताशी ३० च्या वर जायचं नाही आणि काळा कोरडा रस्ता लागला की काढायची, नाहीतर चेन तुटते आणि मडगार्ड फाडते. ते गोणपाट फुकट जात नाही. चाक जागेवर फिरायला लागलं तर त्याच्यापुढे सरकवायचं, आपण चिखलात माडाची झापं टाकतो तसं.

गाडीची तयारी कोकणातूनच करून निघा. आपल्याकडे रेडिएटरमध्ये विहिरीचं साधं पाणी घालून वर्षानुवर्षं गाड्या चालतात. ते पाणी तिकडे रात्री गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. त्याऐवजी थंडीत न गोठणारं कूलंट भरून घ्या, गॅरेजवाल्याला प्रमाण विचारा. काचेवर फवारायच्या पाण्याचंही तेच. बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर नवी, थंडीत तिची ताकद फार उतरते. रात्री हॅंडब्रेक ओढून ठेवू नका, ओल गोठून ब्रेकचे लायनर चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा. वायपर उभे करून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो. डिझेलवाल्यांची वेगळी व्यथा. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबतो, टाकीखाली जाळ करून ट्रक सुरू करणारे मी पाहिलेत. उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखात आणलं. तुमची पेट्रोल गाडी, तुम्ही सुटलात.

अडकलात तर एकच गोष्ट घोकून ठेवा: सायलेन्सरचं तोंड. हीटरसाठी इंजिन चालू ठेवतात, बर्फ पडत राहतो, मागचा पाइप बुजतो आणि धूर गाडीत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप येते आणि माणूस उठत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या गावाच्या रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांत वीसहून जास्त माणसं गेली, त्यातल्या काहींच्या बाबतीत हाच संशय होता. इंजिन लावायच्या आधी दर वेळी उतरून पाइपभोवतीचा बर्फ काढा, दहा मिनिटं चालवा, बंद करा, काच बोटभर खाली. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. घोंगड्या, सुका खाऊ आणि वडिलांची औषधं डिकीत ठेवू नका, हाताशी ठेवा, बर्फात डिकी उघडेलच असं नाही.

माझं मत विचाराल तर मनालीपर्यंत स्वतः चालवत जा आणि वर जायला स्थानिक जीप करा. अटल बोगद्याचं तोंड तीन हजार मीटरच्या वर आहे, वडिलांना तिथे नेण्याआधी डॉक्टरांना विचारा. तिथले ड्रायव्हर बर्फात काय करतात ते मागे बसून बघा. पहिली गोष्ट दिसेल ती ही, की निम्म्या वेळा ते निघतच नाहीत, चहा पीत बसतात. तुमच्या सुट्टीत दोन दिवस असे चहाचे धरा. पश्चिमेकडून येणारे विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात तिकडे बर्फ आणणारी वादळी हवा, हवामान खातं तीन-चार दिवस आधी सांगतं, मुक्काम त्यावर हलवा.

आणि एक राहिलं. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. किनाऱ्याच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं रबर नक्षी शिल्लक असली तरी कडक होतं, आणि थंडीत ते आणखी कडक होणार. चारही टायरचे आकडे आणि टायरचा साइज इथे टाका, मग कोणती चेन घ्यायची ते सांगतो.