श्रोत्यांच्या शंका : बुकशेल्फ स्पीकर घेताना

प्रश्न : खोली ४ बाय ३ मीटर, अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमला ५० वॉटचा. पसंत पडलेला स्पीकर ४ ओहमचा असून त्याची सेन्सिटिव्हिटी ८४ डेसिबल आहे. विक्रेत्याच्या मते १५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर लागेल. नवा घ्यावा का?

उत्तर : आधी आकडेमोड करू. ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते, बहुतेक वेळा २.८३ व्होल्ट देऊन, १ मीटरवरून मोजतात. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला १ वॉट, पण ४ ओहमला २ वॉट. म्हणून हे ८४ आणि ८ ओहमच्या स्पीकरचे ८४ सारखे नव्हेत. वॉट दुप्पट झाले की ३ डेसिबल वाढतात, म्हणून वॉटच्या हिशेबात तुमचा स्पीकर ८१चाच आहे.

तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे २० व्होल्ट आहेत, म्हणजे २.८३च्या सातपट. त्याचे १७ डेसिबल होतात, म्हणून १ मीटरवर १०१ मिळतील. अडीच मीटरवर बसलात तर मोकळ्या जागेत यातले ८ जातील. खोलीत भिंतींमुळे घट त्याहून कमी होते, शिवाय दोन स्पीकर मिळून साधारण ३ परत देतात. म्हणजे ९५च्या वर नक्की. सरासरी ७५-८० डेसिबलवर ऐकणाऱ्याला संगीतातल्या उसळ्यांसाठी एवढं पुरतं. १५० वॉट घेऊन पदरात पडतील ते जेमतेम ५ डेसिबल.

बघायचा तो करंट. २० व्होल्टला ४ ओहम ५ अँपिअर ओढतात. पण छापलेले ४ ओहम नाममात्र असतात. एखाद्या कंपनसंख्येला स्पीकर ३ ओहमवर उतरला तर ६.७ अँपिअर लागतील. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या पट्टीवर ४ ओहम लिहिले आहेत का, आणि माहितीपत्रकात ४ ओहमला किती वॉट दिलेत, हे पाहा. ८०च्या आसपास असतील तर आहे तोच ठेवा. ४ ओहमचा उल्लेखच नसेल तर मात्र हा स्पीकर त्याला जोडू नका. दमलेला अ‍ॅम्प्लिफायर लाटेचे माथे छाटतो, छाटलेल्या लाटेत वरच्या कंपनसंख्या वाढतात, त्या ट्विटरकडे, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरकडे, जातात आणि त्याची बारीक कॉइल जळते. कमी ताकदीच्या अ‍ॅम्प्लिफायरनेही महागडे ट्विटर जातात, ते असे.

प्रश्न : नावच बुकशेल्फ, मग पुस्तकांच्या फळीवर ठेवले तर काय बिघडतं? पोर्ट, म्हणजे खर्ज वाढवणारं पेटीचं भोक, मागच्या बाजूला आहे.

उत्तर : खर्ज फुगतो आणि त्याच्या वरचा भाग पोकळ होतो. वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) तोंडापासून मागची भिंत ५० सेंटिमीटरवर असेल, तर भिंतीवरून परतणारा आवाज १ मीटर जास्त चालून येतो. १७२ हर्ट्झच्या आसपास तो थेट आवाजाच्या उलट पडतो आणि दोघं एकमेकांना खातात. गायकाच्या आवाजाचा भरीवपणा नेमका इथे असतो. भिंत १ मीटरवर नेली तर हा खड्डा ८६ हर्ट्झवर उतरतो.

जागा असेल तर स्टँडच घ्या. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे ९० ते १०० सेंटिमीटरवर आला पाहिजे. बहुतेक पेट्यांना ६० ते ६५ सेंटिमीटरचा स्टँड जमतो. पेटी आणि स्टँडच्या मध्ये चार कोपऱ्यांना चिकटमातीचे हरभऱ्याएवढे गोळे लावा. पेटी हलत नाही, कंपही कमी होतो.

फळीच नशिबी असेल तर बंद पेटीचा किंवा पुढे पोर्ट असलेला स्पीकर निवडा. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या (स्टुडिओबाहेरून प्रसारण करणाऱ्या) गाड्यांसाठी केलेला एलएस ३/५ए असाच बंद, जेमतेम ५ लिटरचा होता. मागे पोर्ट असलेलाच घ्यायचा असेल तर फोमचा बुच लावा. तळाचा खर्ज थोडा घटेल, पण भिंत बराचसा भरून देईल. पेटीचं तोंड फळीच्या कडेला आणा आणि आजूबाजूच्या फटी पुस्तकांनी बुजवा.

प्रश्न : दुकानात महागडा जोडच नेहमी सरस का वाटतो?

उत्तर : बऱ्याचदा तो फक्त किंचित मोठ्याने वाजत असतो. अर्ध्या डेसिबलचा फरकही कानाला ‘जास्त मोठा’ न वाटता ‘जास्त स्वच्छ’ वाटतो. दोन्ही जोडांवर पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा सरसराट) वाजवा, बसायच्या जागी मोबाइलवरच्या ध्वनिमापकाने आकडा बघा आणि अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवूनच तुलना सुरू करा. माप अचूक नसलं तरी दोन जोड ताडायला चालतं, फक्त मोबाइल हलवू नका.

मग ओळखीचं रेकॉर्डिंग लावा. तानपुऱ्याच्या तारा एकमेकींत विरघळतात की वेगळ्या ऐकू येतात? डग्ग्याची घुमारी हाताबरोबर थांबते की मागे रेंगाळते? साथीशिवायच्या आवाजातले ‘स’, ‘श’ टोचतात का? टोचत असतील तर तो जोड सोडा, अशा आवाजाने तासाभरात कान शिणतात. माहितीपत्रकातल्या ‘४५ हर्ट्झपासून’ या दाव्यापुढे ‘उणे ३ डेसिबल’ आहे की ‘उणे ६’, तेही बघा. उणे ६ म्हणजे तिथे आवाज चांगलाच उतरलेला आहे.

प्रश्न : नवा जोड लावल्यापासून खर्ज गायब आणि गायिका मध्यभागी उभीच राहत नाही.

उत्तर : एका बाजूच्या तारा उलट्या लागल्यात. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरची लाल-काळी तार अदलाबदल करा आणि मोनो (दोन्ही स्पीकरमध्ये एकच आवाज असलेलं) रेकॉर्डिंग लावा. आवाज मधोमध एकवटला तर तीच जोडणी कायम ठेवा. तार नवी घेत असाल तर ५ मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर तांबं पुरतं. जाऊन-येऊन विरोध ०.०७ ओहमच्या आसपास राहतो.